झिंग्यांची खबर

दुसरबीडच्या फाट्यावर सकाळी सहाला चहाची पहिली किटली उतरते, तेव्हा बाकावर बसलेल्या माणसांकडे सांगण्यासारख्या चारच गोष्टी असतात. सोयाबीनचा भाव, लाइट कधी येणार, कोणाकडे पाहुणे आले आणि कोण वारलं. पाचवी गोष्ट सुखदेवभाऊ घेऊन येतात. सायकल उभी करतात, मेथीच्या जुड्यांवरचं ओलं पोतं सारखं करतात, डोक्याचा रुमाल सोडून मानेवर टाकतात आणि उभ्या उभ्याच जाहीर करतात, "झिंगे निंगाले."

कधी, "झिंगे पोचले खाडीत." कधी, "आता आठ दिवस खबर नाही. कात टाकून राह्यले. लपून बसले असतीन."

एकदा एक परप्रांतीय ट्रकवाला चहाला थांबला होता. त्याने दचकून विचारलं, "कौन निकले?" हॉटेलवाला कप विसळता विसळता म्हणाला, "झिंगे. समुंदर में." शेजारच्या गावाहून वरात निघावी इतक्या सहज. ट्रकवाल्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. बिचारा समुद्र शोधत असावा. आमच्या गावापासून कोणत्याही दिशेला निघा, एसटीत एक रात्र काढल्याशिवाय समुद्र दिसत नाही.

झिंगे म्हणजे कोकणातली माणसं जिला कोळंबी म्हणतात ती. आमच्याकडे ती फक्त वाळलेली येते, पोत्यातून, आठवडी बाजाराच्या दिवशी. जिवंत झिंगा सुखदेवभाऊंनी पाहिलेला नाही. वाळलेला पाहिलाय, पण खाल्लेला नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे आणि अंड्याच्या गाडीजवळून जातानासुद्धा ते सायकलचा वेग वाढवतात. समुद्र तर त्यांनी मुळीच पाहिलेला नाही. असं असूनही अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात झिंग्यांविषयी त्यांच्याइतकं कळणारा दुसरा माणूस नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, त्यामुळे हे कबूल करणं मला किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

आम्ही शेजारी. मध्ये एक भिंत, तीही कमरेएवढी. त्यांच्याकडे दोन एकर रान, एक म्हैस, भाजीपाला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बोलणं तसं मोजकं. पण तुम्ही कोणताही विषय काढा, त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "झिंग्याचं तसं नसते, मास्तर."

मी म्हणावं, अमक्याचा मुलगा अगदी बापावर गेलाय. "झिंग्याचं तसं नसते. त्याचं लेकरू पैदा होते तवा बापासारखंही नाही दिसत अन् मायसारखंही नाही. तीन डाव रूप बदलते, मंग कुठं झिंगा वाटते." मी म्हणावं, आजकाल कोणी कोणासाठी थांबत नाही. "झिंग्याचं तसं नसते. तो पान्यासाठी थांबते." एकदा माझी दाढ दुखत होती. मी गाल धरून बसलो होतो, काही बोललोही नव्हतो. तरी म्हणाले, "झिंगा तं अख्खं कवचच काढून फेकते, मास्तर. तुमी एका दाढेचं काय घेऊन बसले."

मागे आठवीला सजीवांची जीवनचक्रं शिकवताना बेडूक झाला, फुलपाखरू झालं, आणि एका मुलीने हात वर केला. "सर, झिंग्यांचं सांगा ना." मी खाकरलो. पाहिलं तर सगळा वर्ग सुखदेवभाऊंच्या घराच्या दिशेने बघत होता. शेवटी मान खाली घालून मीच त्यांना बोलावून आणलं.

ते आले, चपला बाहेर काढल्या, फळ्याला नमस्कार केला आणि खडू घ्यायला नकार दिला. "लिहून कायले दाखवू? करूनच पाहू." त्यांनी फळ्याकडच्या जागेचा समुद्र केला आणि मागच्या भिंतीची खाडी. सगळ्या पोरांना समुद्रात उभं केलं. "तुमी समदे अंडे. एक माय लाखानं अंडे देते, खोल पान्यात, अन् निंगून जाते. मागं वळून पाह्यत नाही. दुसऱ्या दिवशी तुमी फुटले. आता तुमाले खाडीत जायचं आहे. काऊन? तं तिथं पानी उथळ, खारं-गोडं मिसळलेलं, झाडाच्या मुळ्यायमध्ये लपाले जागा, खायाले भरपूर. पन तुमच्या पायात जोर नाही. मंग कसे जासान?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे.

"भरतीवर बसून! भरती आली की वर या, पानी नेते तिकडं चाला. ओहोटी लागली की खाली बसा, बुड धरून. नाहीतं जितकं आले तितकं वापस."

आणि मग त्यांनी शेतात पाखरं हाकायच्या आवाजात आरोळी दिली, "भरतीऽऽ!" चाळीस पोरं बाकांमधून खाडीकडे धावली. "ओहोटीऽऽ!" चाळीस पोरं धप्पकन खाली बसली आणि बाकांचे पाय धरून राहिली. "भरतीऽऽ!" या गोंगाटाने हेडमास्तर धावत आले आणि दारात उभे राहिले, तेवढ्यात ओहोटी लागली होती. सुखदेवभाऊ त्यांना अतिशय काळजीने म्हणाले, "खाली बसा सर. वाहून जासान."

हेडमास्तर बसले. मी पाहिलंय.

खाडीच्या भिंतीशी पोहोचल्यावर त्यांनी पोरांना तिथे तीनेक महिने वाढवलं, चार-पाच वेळा कात टाकायला लावली आणि मग पाऊस पाडला. "वरून पुराचं पानी आलं, खाडी गोडी झाली. आता तुमी मोठे झाले, तुमाले खारं पानी पाह्यजे. चला, समुद्रात." पोरं ओरडत परत फळ्याशी आली. एक मुलगा मागेच बसून राहिला होता. तो म्हणाला, मला खाडीतच राहायचंय. सुखदेवभाऊ त्याच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहून जमत नाही ना रे बापा." त्या वर्षी परीक्षेत जीवनचक्रावरच्या प्रश्नाला निम्म्या वर्गाने बेडूक सोडून झिंगा लिहिला. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले.

बाजारात त्यांची मेथी आणि कासाबाईंचं सुकट शेजारी शेजारी. सुकट म्हणजे वाळलेले बारीक झिंगे. माळकऱ्याने सुकटाशेजारी बसणं हाच एक विनोद होता, पण ती जागा भाऊंनी मागून घेतली होती. सुरुवातीला कासाबाई वैतागल्या. गिऱ्हाइकाने ओंजळ भरून सुकट उचललं की हे शेजारून म्हणायचे, "पाह्य बापा, किती बारीक हाये. लेकरू हाये ते. त्यानं अजून मोठा समुद्रही नाही पाह्यला." गिऱ्हाईक सुकट खाली ठेवून मेथी घेऊन जायचं. जून-जुलैत समुद्रात मासेमारी बंद असते, ती बंदी सुखदेवभाऊंनी दुसरबीडच्या बाजारात लागू केली. "दोन महिने मायांचा अन् लेकरायचा टाइम हाये. बंद म्हंजे बंद." कासाबाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "अवो भाऊ, हे गेल्या सालचं वाळेल हाये! हे आता काय बाळंत होनार हाये?"

मग एका आठवड्यात भाऊंना कळलं की सुकटात जवळा नावाची जात असते आणि ती जातच बारीक. पूर्ण वाढलेला जवळासुद्धा बोटाच्या पेराएवढा. म्हणजे इतके दिवस ज्यांना ते लेकरं म्हणत होते ती चांगली पोक्त मंडळी होती. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. सुखदेवभाऊ पुढच्या बाजारात मेथीच्या दोन जुड्या घेऊन कासाबाईंच्या पोत्यापुढे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, माह्यं चुकलं. हे लेकरं नोहोत. वयानं मोठे हायेत, अंगानं बारीक. म्या तुमाले उगीच बोललो." कासाबाईंनी जुड्या घेतल्या आणि पदराने डोळे पुसले. त्यांची कोणी इतक्या रीतसर माफी कधी मागितली नव्हती. तेव्हापासून सुकटाचं गिऱ्हाईक वाढलं, कारण लोक आधी गोष्ट ऐकायला थांबतात आणि मग रिकाम्या हाताने जायची लाज वाटते.

ही सगळी विद्या कुठून आली, ते आता सांगतो. शीतलकडून. शीतल ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेली तेव्हा सातवीत होती. बारावीनंतर तिला शेतकीला जायचं होतं, पण नंबर लागला कोकणातल्या मत्स्यविज्ञानाच्या कॉलेजात. गावात हसाहशी झाली. माळकऱ्याची पोरगी मासे धरायला चालली! फाट्यावर कोणी तरी विचारलंच, "काय सुखदेव, पोरीले जाळं घेऊन देलं का नाही?" भाऊंनी सायकलला टांग मारली. शीतलला पोहोचवायला तिचा मामा गेला, कारण त्याच आठवड्यात कांद्याची लागवड होती. पुढच्या चार वर्षांत कधी कांदा होता, कधी म्हैस व्यायला आली होती, कधी लाइट रात्रपाळीची होती. जाणं झालंच नाही. पण महिनाभराने फाट्यावर येऊन त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, "झिंगे निंगाले." आणि पुढे अर्धा तास ते बोलत राहिले. जाळ्यावरून हसणारा माणूस चहाचा कप तसाच हातात धरून ऐकत बसला होता. पोरगी काय शिकते याची लाज वाटावी असं त्यात काही नाही, हे त्यांनी गावाला असं पटवलं.

दर बुधवारी संध्याकाळी सातला शीतलचा फोन. रेंज त्यांच्या अंगणात एकाच ठिकाणी येते, उपड्या घातलेल्या घमेल्यावर. तिथे फोन ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि समोर उकिडवं बसून ओरडायचं. कोकण लांब आहे म्हणून आवाज मोठा लावतात. त्यामुळे बुधवारी सातला आमच्या घरी टीव्ही बंद असतो.

"शीतल! झिंगे कुठं पोचले?"

"खाडीत आलेत बाबा. आज जाळीत सापडले, तांदळाएवढे."

"कात टाकली का?"

"टाकून राह्यलेत."

"अन् ते मागच्या खेपीचे?"

असे दहा मिनिटं झिंगे. मग "बरं, ठेव." संपलं. चार वर्षांत एकदाही 'जेवलीस का' नाही, 'तब्येत कशी' नाही, 'कधी येतेस' तर नाहीच. आमच्या सौभाग्यवती भिंतीला टेकून ऐकायच्या आणि घरात येऊन भांडी आदळायच्या. "पोटच्या पोरीपेक्षा झिंगे जास्त! माय असती तर एवढं तरी विचारलं असतं का नाही तिने?" मलाही ते खटकायचं. माणूस चांगला, पण काळजाने जरा कोरडाच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

नारळी पौर्णिमेला मात्र ते नारळ वाहायचे. समुद्राला. समुद्र नसल्यामुळे खडकपूर्णेत. गेल्या श्रावणात मी त्यांना माझ्या स्कूटरवर नदीवर घेऊन गेलो. त्यांनी नारळाला हळदकुंकू लावलं, गुडघाभर पाण्यात उतरले, नारळ सोडला आणि हात जोडून म्हणाले, "जाय बापा. शीतलच्या समुद्राले सांग, पोरीकडं लक्ष ठेव म्हना."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तीस वर्षं चुका दुरुस्त केलेल्या माणसाची जीभ. मी म्हणालो, "भाऊ, हा नारळ कोकणात नाही जाणार. ही नदी पुढे पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी थेट आंध्रात. आपलं सगळं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं. शीतलचा समुद्र पश्चिमेला."

ते पाण्यातच उभे राहिले. नारळ बराच पुढे गेला होता. "म्हंजे इतके साल झाले," ते म्हणाले, "माह्ये नारळ कोनाच्या दारात जाऊन राह्यले?"

"आंध्रात. तेही मध्ये येलदरीचं धरण नसतं तर."

"तिकडं माह्यं कोन हाये?" त्यांनी विचारलं. त्यानंतर पंधरा दिवस भिंतीवरून येणारी रोजची मेथी आली नाही. माझं ज्ञान मला इतकं कडू कधीच लागलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात शीतलचं शिक्षण संपलं आणि तिला नोकरी लागली. झिंग्यांची पैदास करतात त्या केंद्रात, समुद्रातून आणलेल्या माद्यांची अंडी उबवून पिल्लं वाढवायची. केंद्र आंध्रात, किनाऱ्यावर. दोन दिवसांत होकार कळवायचा होता. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, तुमी म्हनसान तसं. तुमी नको म्हनले तर मी नाही जात. खरंच नाही जात."

दुसऱ्याच दिवशी बीबी गावाहून भाऊंचे थोरले बंधू तुळशीरामदादा आले. त्यांच्या खिशात एका स्थळाचा फोटो होता. मुलगा चांगला, मेहकरला दुकान, घरी शेती. अंगणात सतरंजी पडली. मी शिकलेला म्हणून मलाही बोलावलं. दादांचं बोलणं काही वावगं नव्हतं, प्रेमाचंच होतं. "सुखदेव, पोरगी शिकली, नाव काढलं, झालं. आता आंध्र! तिथली बोली आपल्याले समजत नाही. आजारी पडली तं कोन? तू इथं एकटा, ते तिथं एकटं. तुले रातच्याले पानी द्याले कोन हाये? मेहकर इथून हाकेवर हाये. बोलाव तिले."

सुखदेवभाऊ मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले होते. मला वाटलं, संपलं. हा माणूस थोरल्या भावापुढे आजवर वर मान करून बोललेला नाही. आत कोनाड्यात शीतलला कॉलेजात मिळालेली ट्रॉफी होती, तिच्यावर ते रोज सकाळी देवांनंतर फडकं फिरवतात. मी तिच्याकडे बघत बसलो.

दादांनी शेवटचा टोला दिला. "तूच म्हनत असते ना, झिंगे बी फिरून येतेत म्हनून?"

"झिंग्याचं तसं नसते, दादा," भाऊ हळूच म्हणाले. "ते समुद्रातून येतेत अन् समुद्रातच जातेत. खाडी मधातली. तिथं थोडे दिवस राह्यतेत फक्त." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, ते नदीचं तुमी सांगतलं होतं. पुन्हा सांगा बरं."

मग मी धावत घरी गेलो आणि शाळेचा जुना नकाशा आणला. तो सतरंजीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. भाऊंनी बोट लावलं आणि मी ते बोट धरून नेलं. इथे आपण. ही खडकपूर्णा. इथे येलदरी. ही पूर्णा, ही गोदावरीला मिळाली. नांदेड. मग तेलंगण. मग आंध्र. मग इथे फाटे फुटतात, खाडी होते, आणि मग समुद्र.

"अन् शीतलचं केंद्र?"

तिने पाठवलेला पत्ता मी फोनवर काढला. नकाशावर गाव नव्हतं, पण जागा कळत होती. गोदावरी समुद्राला मिळते त्याच्या अगदी बगलेत.

भाऊंचं बोट तिथे टेकलं. ते बोट मेथीच्या मुळांनी काळं झालेलं, नखात माती. ते कितीतरी वेळ तिथून हललं नाही. मग ते दादांकडे वळले आणि आम्ही कोणी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "दादा, मेहकर काय जवळ हाये? मेहकरचं पानी तिकडं, आपलं इकडं. हे पाह्य. आपल्या बांधावरून पानी निंगते अन् थेट तिच्या दारात जाते. आपल्याच नदीच्या खाल्लाकडं हाये पोरगी. परक्या गावात नाही चालली."

मेहकरचं पाणीसुद्धा शेवटी तिकडेच जातं. पण मी काही बोललो नाही. मी पंधरा दिवस बिनमेथीचे काढले होते.

दादांनी फोटो खिशात ठेवला. जाताना मात्र ते दारात थांबले, नकाशाकडे परत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "खरंच जाते का रे पानी तिथलोक?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. भावाचं होतं की नदीचं, मला सांगता येणार नाही.

घमेल्यावर फोन ठेवून भाऊंनी शीतलला सांगितलं, "जाय." ती रडायला लागली. "बाबा, पन तुमी एकटे..." भाऊ मध्येच ओरडले, "तिकडचे झिंगे कधी निंगतेत ते विचारून घेजो!" आणि फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी नकाशाची गुंडाळी करताना मी शेवटी विचारलंच. चार वर्षं मनात होतं ते. म्हणालो, "भाऊ, एकदा तरी तिला 'कधी येतेस' म्हणून विचारायचं होतं हो."

ते म्हशीला पेंड ठेवत होते. पाठ माझ्याकडे होती. म्हणाले, "विचारलं तं येऊन जाईन ना ते, मास्तर. लहानपनापासून तसंच हाये. हाक मारली की हातातलं टाकून पळत येते. माय गेली तवापासून तं जास्तच." पेंड कालवत म्हणाले, "जेवली का म्हनलं, तं तिच्या ध्यानात येईन की बाबानं सयपाक केला का नाही. मंग तिचं मन लागत नाही. झिंग्याचं विचारलं की ते खुशीत सांगत राह्यते. दहा मिनटं आवाज ऐकाले भेटते. मले अजून काय पाह्यजे?"

मी घरी आलो आणि बायकोला हे सांगितलं. चुलीपासून उठून तिने पिठलं-भाकरीचं ताट वाढलं आणि भिंतीवर नेऊन ठेवलं. ते अजून रोज ठेवते.

शीतल आंध्रात गेली. श्रावणात इकडे दोन दिवस सणकून पाऊस झाला, खडकपूर्णा दोन्ही काठ धरून वाहिली. बुधवारी सातला फोन आला. मी भिंतीपाशीच होतो. आता मी लपत नाही.

"बाबा, इथं पूर आलाय! खाडीचं पानी गढूळ झालं. झिंगे निंगाले समुद्राले!"

"निंगतीनच!" सुखदेवभाऊ इतक्या जोरात ओरडले की म्हैस उठून उभी राहिली. "आपल्याकडचं पानी हाये ते! परवा सोडलं म्या!"

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. मध्ये धरणं आहेत, शेकडो कोस अंतर आहे, परवाचं पाणी आज तिथे पोहोचत नाही, आणि तो पूर दुसऱ्याच कुठल्या पावसाचा असणार. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. सुखदेवभाऊ माझ्याकडे बघत होते, छाती पुढे काढून, पावसाचा मालक असल्यासारखे. मी भिंतीवरून म्हणालो, "बरोबर आहे. तेच पाणी." तीस वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून दिलेलं हे पहिलं चुकीचं उत्तर, आणि मला त्याचा अभिमान आहे.

फोनवर शीतल हसत होती. मग थांबली. "बाबा," ती म्हणाली, "तुमी कधी येता?"

जो प्रश्न या माणसाने चार वर्षं दाताखाली दाबून धरला होता, तो तिकडूनच आला होता.

"झिंग्याचं..." भाऊंनी सुरुवात केली.

"झिंग्याचं राहू द्या, बाबा. तुमी कधी येता?"

सुखदेवभाऊंनी घमेल्यावरचा फोन उचलून पहिल्यांदाच कानाला लावला. पुढचं मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर झिंग्यांची खबर आली नाही. बाकावरची मंडळी अस्वस्थ झाली. मी घरी आलो तर भाऊ माझ्या दारात उभे. कमरेला धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल, खांद्याला पिशवी. पिशवीत मेथीच्या चार जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, आणि त्यांच्यावर एक नारळ, शेंडीसकट.

"मास्तर, आठ दिवस रानाकडं लक्ष ठेवसान का? म्हशीचं कासाबाई पाह्यते म्हनली."

"ठेवीन की. पण नारळ कशाला नेता एवढ्या लांब? नदीत सोडा ना. आता तर बरोबर जाईल."

ते एसटीच्या दिशेने दोन पावलं गेले, थांबले आणि मागे वळून म्हणाले, "नाही मास्तर. मधात धरन हाये, तुमीच सांगतलं होतं. हा मी हातानंच देतो."